नागपुरात बोटीच्या इंजिनाचं 'विंटरायझिंग' करायचं की नाही?

कामठीरोड_डिझेल
नमस्कार मंडळी. कामठी रोडला माझं ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनचं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली. यंदा दारात आलेली वस्तू मात्र वेगळी आहे. माझ्या साडूभाऊंनी कोकणातून एक जुनी अठरा फुटी बोट घेतली. आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं आहे. हिवाळाभर ती रामटेककडच्या एका तलावावर चालली. आता पावसाळा येतोय म्हणून ट्रॉलीवर घालून माझ्या शेडमध्ये आणली आहे. दसऱ्यापर्यंत इथेच उभी राहणार.

तक्रार अशी की हळू चालवली तर काटा जागेवर, पण पूर्ण रेस दिली की पंधरा मिनिटांत तापमान चढतं.

बोटीसोबत आलेल्या पुस्तकात 'विंटरायझिंग'वर, म्हणजे हिवाळ्यासाठी इंजिन तयार करून ठेवण्यावर, एक अख्खं प्रकरण आहे: 'हिवाळ्याआधी शीतकरण यंत्रणा गोड्या पाण्याने धुवा, पाणी काढा, अँटीफ्रीझ भरा.' साडूभाऊ म्हणतात, नागपुरात कुठे बर्फ पडतो, तशीच राहू दे. मला ते पटत नाही. पण पुस्तकातलं जसंच्या तसं करावं, हेही पटत नाही. चार महिने इंजिनात पाणी ठेवायचं, काढायचं, की दुसरं काही भरायचं? ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी सांगावं.

तर्री_पोहा
भाऊ, नवतपा चालू आहे, बाहेर पंचेचाळीस आहे, अन् तुम्ही अँटीफ्रीझचं विचारून राहिले! वाचूनच थंड वाटलं. उत्तर मला येत नाही, पण धागा वाचून राहिलो.

धंतोली_काका
नागपूरचं आजवरचं नीचांकी तापमान 3.5 अंश, 29 डिसेंबर 2018 चं. म्हणजे शून्याच्या वरच. पाणी गोठून ब्लॉक फुटण्याचा प्रश्न इथे येत नाही. ते प्रकरण सोडून द्या.

मिशिगनकर
मी मूळचा महालचा, सध्या मिशिगनमध्ये. इथे दर ऑक्टोबरला हे काम करावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या बोटीत 5.7 लिटरचं पेट्रोल व्ही-एट आहे आणि ते थेट तलावाच्या पाण्यानेच थंड होतं. म्हणजे तलावाचं पाणी पंपाने आत, ब्लॉकमधून फिरून एक्झॉस्टवाटे बाहेर. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. बिडाच्या ब्लॉकला ते फुगणं सोसत नाही. बोट घेतली त्याच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडून चूक झाली. इंजिन न तापवताच मी पंपाच्या नळीतून गुलाबी अँटीफ्रीझ ओढवलं. एक्झॉस्टमधून गुलाबी रंग बाहेर आला, मला वाटलं झालं काम. पण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडणारी पाण्याची झडप, बंद होता. द्रव बाहेरच्या वाटेने निघून गेला आणि ब्लॉकमध्ये साधं पाणीच राहिलं. एप्रिलमध्ये ताडपत्री काढली तेव्हा ब्लॉकच्या बाजूला वीतभर चीर होती.

तेव्हापासून मी आधी सगळे ड्रेन प्लग काढतो. ब्लॉकच्या दोन बाजूंचे दोन, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन, आणि फिरत्या पंपाची खालची नळी सोडतो. पाणी पूर्ण निघालं की मगच अँटीफ्रीझ. आत साचलेलं पाणी राहिलं तर अँटीफ्रीझ पातळ होतं आणि डब्यावर छापलेला अंश खरा राहत नाही.

अजून एक गैरसमज. अँटीफ्रीझ जितकं निव्वळ तितकं बरं, असं नसतं. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे तेरा अंशांच्या आसपासच गोठतं. पाण्यात निम्मं-निम्मं केलं की उणे सदतीसपर्यंत टिकतं.

तुम्हाला गोठण्याची भीती नाही, धंतोली काकांचं बरोबर आहे. पण 'सोडून द्या' हे मान्य नाही. या प्रकरणातला अर्धा भाग थंडीसाठी असतो. उरलेला अर्धा भाग उभ्या इंजिनासाठी, आणि उभं इंजिन तर तुमच्याकडेही आहे.

हर्णैची_सून
मिशिगनकरांचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर. आमच्याकडे बर्फ नाही, हिवाळा नावापुरता. तरी आमचं विंटरायझिंग दरवर्षी ठरलेलं. आम्ही त्याला आगोटीची कामं म्हणतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्याआधी होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या, शाकारायच्या, आणि शाकारण्याआधी इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं. माझे सासरे सांगायचे, होडी झावळ्यांनी झाकाल, पण इंजिनाच्या पोटातलं मीठ कोण झाकणार?

दादा, तुमची बोट कोकणातून आलीय ना? म्हणजे ती आधी खाऱ्यात चालली. मग गोड्यात आणण्यापूर्वी कोणी नीट धुतली होती का, हा पहिला प्रश्न. मीठ वाळून धरलं की नुसत्या पाण्याने लवकर सुटत नाही. आणि तुमच्या इंजिनाला आत-बाहेर दोन पाणी आहेत की एकच, तेही सांगा.

कामठीरोड_डिझेल
ताई, दोन आहेत. आतलं पाणी ट्रॅक्टरसारखंच, कुलंटचं (म्हणजे अँटीफ्रीझ मिसळलेलं), बंद फेऱ्यात. पण रेडिएटरच्या जागी पितळी नळकांडं आहे, त्यातून तलावाचं पाणी जातं आणि मग एक्झॉस्टच्या कोपऱ्यात मिसळून मागून बाहेर पडतं. धुतली होती का, ते साडूभाऊंना माहीत नाही. विकणाऱ्याने 'दोन वर्षं उभी होती' एवढंच सांगितलं.

जुना_चीफ
मी तीस वर्षं जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली, आता नागपुरातच स्थायिक आहे. त्या नळकांड्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. ट्रॅक्टरवाल्याला समजेल असं सांगतो: रेडिएटरला वारा थंड करतो, इथे वाऱ्याच्या जागी तलाव आहे. हळू चालवताना ठीक आणि रेसमध्ये तापते, याचा अर्थ बाहेरचं पाणी पुरेसं जात नाही. थर्मोस्टॅटकडे नंतर बघा. आधी पाण्याच्या वाटेने बोट ठेवत चला: पाणी आत घेणारा खालचा कॉक, गाळणी, रबरी इंपेलर (पंपातलं पात्यांचं चाक), एक्स्चेंजरच्या नळ्या, आणि शेवटी एक्झॉस्टचा तो कोपरा, जिथे पाणी धुरात मिसळतं. कोपऱ्यात गंज आणि क्षार मिळून भोक करंगळीएवढं उरतं. बाहेरून काही दिसत नाही.

क्षाराबद्दल थोडं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण चुन्याचे क्षार उलटे, पाणी तापलं की ते बाहेर पडून चिकटतात. म्हणून थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांना थर्मोस्टॅट साठ अंशांच्या आसपासचा देतात. तुमचं दोन फेऱ्यांचं इंजिन त्याहून गरम चालतं, ते योग्यच आहे. मात्र गरम इंजिन बंद करून तसंच ठेवलं की एक्स्चेंजरमधलं थांबलेलं पाणी तापत राहतं आणि थर बसतो. थांबवण्याआधी पाच मिनिटं हळू चालवायची सवय साडूभाऊंना लावा.

कूलर_मेकॅनिक_इतवारी
चीफसाहेब, हे तर आमचं रोजचं आहे. बोअरच्या पाण्यावर चाललेला कूलर जून-जुलैत उघडा, गवताची ताटी दगडासारखी कडक निघते. नळाच्या, म्हणजे पेंचच्या पाण्यावरचा कूलर तेवढा खराब होत नाही. सीझन संपल्यावर जो गिऱ्हाईक टाकी रिकामी करून, टुल्लू पंप काढून, कोरडा करून ठेवतो, त्याचा पंप पुढच्या वर्षी पहिल्या बटणात चालतो. जो पाणी तसंच ठेवतो, तो एप्रिलमध्ये माझ्या दुकानासमोर रांगेत. दादांच्या बोटीलाही हाच नियम लागू होत असेल, असं मला वाटते.

तर्री_पोहा
इतवारीवाल्या भाऊने एका कूलरमध्ये सगळं समजावलं. आता माह्या घरचा कूलर कोण रिकामा करते ते बघा, बायकोने हा धागा वाचला आहे.

हिंगणा_फिटर
माझा वेगळा अनुभव. फ्लश-बिश काही नको. ट्रॉलीवर असताना आठवड्यातून एकदा इंजिन एक मिनिट चालवायचं, तेल वर चढतं, गंज धरत नाही. जनरेटर सेट आम्ही असेच ठेवतो.

जुना_चीफ
हिंगणा_फिटर, कृपया असं करू नका, आणि दुसऱ्या कोणाला सांगूही नका. जनरेटरला रेडिएटर असतो. या इंजिनाच्या पंपातला रबरी इंपेलर पाण्यानेच ओला राहतो आणि पाण्यानेच थंड राहतो. कोरडा फिरवला तर मिनिटभरातही त्याची पाती जळू शकतात. तुटलेले तुकडे हरवत नाहीत, ते पुढे वाहत जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. म्हणून इंपेलर काढला की पाती मोजायची. कमी भरली तर राहिलेली सापडेपर्यंत काम संपलं असं समजू नये.

हिंगणा_फिटर
मान्य. हे मला माहीत नव्हतं. मग शेडमध्ये पाणी द्यायचं कसं? थेट नळाचा पाइप लावला तर?

मिशिगनकर
तिथेही एक खोच आहे. नळाचा पाइप थेट जोडून पाणी चालू ठेवलं आणि इंजिन बंद असलं, तर दाबाने पाणी एक्झॉस्टमध्ये भरत जातं. मफलर भरला की ते उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाइप लावायचाच असेल तर आधी इंजिन सुरू, मग लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी, त्याच क्षणी इंजिन. यापेक्षा बादली बरी. ओढणारी नळी बादलीत सोडा, इंजिनाला हवं तेवढं ते स्वतः ओढतं. शेजारी दुसरा माणूस पाइप घेऊन बादली भरत ठेवायला हवा, कारण ती बघता बघता रिकामी होते.

आणि इंजिन सुरू होत नसेल तर सेल्फ मारत राहू नका. प्रत्येक सेल्फला पंप पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. ते पाणीही तिथेच साचतं. अशा वेळी कॉक बंद करून सेल्फ मारायचा आणि इंजिन धरलं की लगेच उघडायचा.

रामटेकची_लेक
एक विनंती. मी रामटेकची, माहेरची पानमळ्याची शेती. इकडच्या तलावांत मासेमारी आहे, आजूबाजूला शिंगाडे आहेत, तेच पाणी पाटाने शेतात जातं. जे काही धुवाल ते तलावावर धुऊ नका. कुलंट चवीला गोड असतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं. आमच्या गल्लीत एका ट्रकखाली सांडलेलं चाटून दोन दिवसांत कुत्री गेली. तिची पिल्लं मी बाटलीने वाढवली, म्हणून हे कळकळीने लिहितेय.

कामठीरोड_डिझेल
ताई, शब्द देतो. काम शेडमध्येच होईल, खाली परात, आणि जुनं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये. आमच्या शेडमध्येही एक कुत्री राहते.

चीफसाहेब, नागपूरला थंडी नाही तर आतल्या फेऱ्यात कुलंट तरी कशाला, नुसतं पाणी का नको? साडूभाऊंचा हाही प्रश्न आहे.

जुना_चीफ
कुलंट थंडीपुरतं नसतं. त्यातली गंजरोधक द्रव्यं बिडाला, पितळेला आणि अॅल्युमिनियमला सांभाळतात. शिवाय निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू 107 अंशांच्या आसपास जातो, टोपीच्या दाबाने अजून वर. आपल्याकडे त्याचा उपयोग उन्हाळ्यातच. साधं हिरवं कुलंट दोन वर्षांनी बदला. विकणाऱ्याकडे दोन वर्षं आणि तुमच्याकडे एक हंगाम, म्हणजे तुमचं केव्हाच उतरलंय. दोन रंग एकत्र करू नका, काही जाती मिसळल्या की आत चिखल होतो. आणि मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच घ्या.

धंतोली_काका
डिस्टिल्ड कशाला विकत घ्यायचं? एसीचं ठिबकणारं पाणी धरा. मी स्कूटरच्या बॅटरीत तेच घालतो.

कूलर_मेकॅनिक_इतवारी
काका, एसीचं पाणी मऊ असते हे खरं, पण ते कॉइलवरची धूळ, बुरशी अन् धातू धुऊन खाली येते. मी रोज त्या ट्रे साफ करतो, त्यात काय निघते ते मला विचारा. बॅटरीतही घालू नका.

धंतोली_काका
तुम्ही ट्रे उघडणारा माणूस आहात, तुमचं ऐकतो. आजपासून बंद.

हर्णैची_सून
दादा, इंपेलर काढल्यावर तो पंपात परत बसवू नका, बाहेरच ठेवा. चार महिने एकाच जागी दबून राहिला की पाती वाकडीच राहतात. बसवताना ग्रीस लावू नका, रबर फुगतं. मेडिकलमध्ये ग्लिसरीन मिळतं ते लावा, नाहीतर भांडी घासायचं लिक्विड. आणि एक्स्चेंजरला जस्ताची कांडी असते, पेन्सिलीसारखी, षटकोनी बुचाला लावलेली. ती बघा. खाऱ्यात ती झिजते, झिजायलाच हवी, तिच्या जिवावर पितळ वाचतं. गोड्या पाण्यात मात्र जस्तावर पांढरा थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. गोड्यासाठी मॅग्नेशियमची कांडी घेतात.

गोसीखुर्द_किनारा
पवनीकडून लिहितो. गाळणी रोज बघा. आमच्याकडे जलपर्णीची मुळं गाळणीत केसांसारखी अडकतात. नाग नदीचं पाणी कन्हानमधून वैनगंगेत अन् तिथून धरणात येते, जलपर्णी त्यावरच पोसते. ढिवर बांधव डोंगा वल्ह्याने चालवतात, त्यांना त्रास नाही. इंजिनवाल्याला आहे.

अजून एक. पावसाळ्यात उघड्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. मह्या पाण्याच्या पंपात दोनदा केलं. प्रत्येक तोंडात कापडाचा बोळा घाला, अन् त्याला लाल चिंधी बांधून बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे काढायचं विसरणार नाही.

कामठीरोड_डिझेल
आठवड्याने लिहितोय, क्षमस्व. काम केलं. जे दिसलं ते सांगतो.

आधी मिशिगनकरांप्रमाणे ब्लॉकचा ड्रेन प्लग काढला. एक थेंब नाही. मुलगा म्हणाला, बाबा, पाणी नाहीच वाटते. पण वरची टोपी उघडली तर काठोकाठ भरलेलं. मग वायंडिंगची तांब्याची तार घेतली, टोक वाकवलं आणि प्लगच्या भोकात हळूहळू फिरवली. आधी चहाच्या गाळासारखा तांबडा चिखल आला, मग एक खडा टणकन परातीत पडला, आणि मग एकदम धार. तारेशिवाय प्लग परत लावला असता तर सगळं पाणी आतच राहिलं असतं आणि मी 'रिकामं केलं' म्हणून सांगत फिरलो असतो.

इंपेलर काढला. सहा पात्यांपैकी चार. कधी कोरडा चालला, कोकणात की इथे, देवाला ठाऊक. एक्स्चेंजरचं पुढचं झाकण उघडलं. एक पातं नळ्यांच्या तोंडावर आडवं चिकटलेलं, त्याच्यामागे मुळ्यांचा पुंजका. दुसरं पातं दिसेना. मुलगा म्हणाला असेल कुठेतरी, जाऊ द्या. चीफसाहेबांचं वाक्य आठवलं म्हणून थांबलो. पंपाकडून येणारी नळी सोडून झटकली, तर तिच्या वळणातून ते निघालं. म्हणजे सहाची सहा भरली.

नळ्यांतला पांढरा थर खरवडला नाही. जस्ताची कांडी आधी काढली, मग लिटरला पन्नास ग्रॅम निंबूसत या हिशेबाने पाणी करून एक्स्चेंजर तासभर त्यात ठेवला. पहिल्या पाच मिनिटांतच बुडबुडे सुरू झाले. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, मग साध्या पाण्याने. दिवा धरला तर सगळ्या नळ्यांतून उजेड आरपार. एक्झॉस्टचा कोपराही उघडला, तिथे भोक निम्मं बुजलेलं होतं, ते मोकळं केलं.

जुना_चीफ
उत्तम काम. नळीच्या वळणात पातं शोधलंत, त्याबद्दल तुमचा मनापासून आदर वाटतो. आता कोरडं ठेवणार की भरून?

कामठीरोड_डिझेल
त्यावर घरात वादच झाला. मी असं ठरवलं: आतल्या फेऱ्यात नवीन कुलंट, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, काठोकाठ. तिथे हवा राहिली तर दमट पावसाळ्यात गंज धरेल. बाहेरचा फेरा पूर्ण रिकामा, कॉक बंद, तोंडांना लाल चिंध्या. इंजिन ऑइल आत्ताच बदललं, जुन्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसायला नको. डिझेलची टाकी भरून ठेवली, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरायला नको. तलावाच्या बाजूला अँटीफ्रीझ भरलं नाही, कारण ते दसऱ्याला पहिल्या सेल्फमध्ये तलावातच गेलं असतं.

रामटेकची_लेक
हे शेवटचं वाचून फार बरं वाटलं. धन्यवाद दादा.

मिशिगनकर
मी इथे हेच उलट्या कारणाने करतो. ब्लॉक रिकामा, पण ऑक्टोबरात. तुमचा ड्रेन प्लग कुठे ठेवलाय? मी एकदा वसंतात प्लग न लावताच बोट उतरवली होती, दहा मिनिटांत तळाला पाणी.

कामठीरोड_डिझेल
ब्लॉकचा प्लग कुलंट भरताना लावला. एक्स्चेंजरचं बूच, कांडी आणि इंपेलरच्या झाकणाचे स्क्रू एका पिशवीत घालून पिशवी चावीलाच बांधली आहे. चावी हातात घेतली की पिशवी हातात. पूर्ण रेसची परीक्षा मात्र पाण्यातच होईल, शेडमध्ये होत नाही.

हर्णैच्या ताई, इंपेलर नागपुरात दोन दुकानांत विचारला, मिळाला नाही. तुमच्याकडे मिळेल का? मापं: बाहेरचा व्यास 51, रुंदी 22, शाफ्ट 12 मिलिमीटर, पाती सहा.

हर्णैची_सून
मिळेल. दीर परवा सामान आणायला जाणार आहेत, दोन आणायला सांगते. एक बसवा, एक बोटीतच ठेवा. शाफ्टला चावीची खाच आहे की चपटी बाजू, तेवढं बघून सांगा.

कामठीरोड_डिझेल
आत्ता जाऊन बघून आलो. खाच नाही ताई, आडवा स्क्रू आहे.